अठ्ठावीस मिलिमीटर

यंदाही चारं बाजारात आली. चंद्रपूरच्या जटपुरा गेटाच्या सावलीला एक म्हातारी पळसाच्या पानांचे दोणे मांडून बसली होती आणि प्रत्येक दोण्यात ती वाटाण्याएवढी, काळपट जांभळी फळं चमकत होती. चारोळी सगळ्यांना माहीत असते, श्रीखंडावरची, बासुंदीतली. पण त्या दाण्यावर आधी एक टणक कवच असतं आणि कवचावर हा आंबटगोड गर असतो, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनाच ठाऊक. मी एक दोणा घेतला, उभ्याउभ्या चार फळं तोंडात टाकली आणि सहज बोटांकडे पाहिलं. टोकं जांभळी झाली होती. एवढंच. पण माझे पाय जागच्या जागी थिजले.

“काय झालं वं बाई? आंबट निंगालं का?” म्हातारीनं विचारलं.

“नाई, गोड हाये,” मी म्हणाले आणि दोणा रुमालात बांधून घेतला.

आता चार वर्षं झाली. धक्का एकदा बसतो आणि मग हळूहळू ओसरतो, असं मला वाटायचं. माझा तसा ओसरला नाही. वर्षभर तो कुठे असतो कोण जाणे, पण वैशाखात चारं पिकली की तोही येतो.

माझे बाबा टर्नर होते. खाणीच्या यंत्रांचे भाग दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी लेथवर उभं राहून सगळं आयुष्य काढलं. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात व्हर्निअर दिला आणि त्याच्या बारीक रेघा वाचायला शिकवल्या. मग मला वेडच लागलं. मी आगकाडीची जाडी मोजली, आईच्या भाकरीची मोजली, बाबांच्या मिशीच्या केसाचीसुद्धा मोजायला गेले. बाबा हसत म्हणायचे, “मोजता येते ना, मंग अंदाज काऊन लावाचा?” तेच एक वाक्य घेऊन मी मेकॅनिकल इंजिनीअर झाले, नागपूरला पुढचं शिकले आणि तिथल्याच एका संशोधन केंद्रात लागले. जंगलातला माल गोळा करणाऱ्या लोकांसाठी लहान यंत्रं तयार करायची, असं केंद्राचं काम होतं. माझ्या वाट्याला चारोळी आली.

धानोऱ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, एक तलावाकाठचं गाव आहे. निम्मी घरं ढिवरांची, तलावात मासे धरणारी. बाकीची धानाची शेती करणारी. उन्हाळ्यात तलाव आटतो, शेतात काम नसतं, आणि मग सगळ्या बाया पहाटे जंगलात जाऊन चारं गोळा करतात. घरी आणून भिजवायची, गर चोळून काढायचा, बिया उन्हात वाळवायच्या आणि मग दगडावर दगड मारून एकेक फोडायची. मार हलका पडला तर बी फुटत नाही. जोरात पडला तर आतल्या दाण्याचा भुगा होतो, आणि तुटक्या दाण्याला व्यापारी हात लावत नाही. ओसरीत पंधरा-वीस बाया बसलेल्या, टक टक टक असा आवाज, मोहाच्या फुलांचा वास अजून हवेत रेंगाळलेला, आणि प्रत्येकीच्या पायाशी सुपात कसाबसा ओंजळभर दाणा. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, हे तर माझंच काम आहे.

दोन वर्षं मी त्या कामात बुडून गेले. दोन रूळ एकमेकांसमोर उलटे फिरतात, त्यांच्या मधून बी जाते, कवच तडकतं, दाणा अख्खा खाली पडतो. सांगायला सोपं आहे. पण बी बीसारखी नसते. एक गोल, एक चपटी, एक अर्धी वाळलेली. रुळांमधलं अंतर केसाएवढं चुकलं तरी दाणा चिरडतो. मी शेकडो बिया मोजल्या, आकारांप्रमाणे वेगळ्या केल्या, रुळांवर खाचा कशा असाव्यात याची चित्रं काढली, पुसली, पुन्हा काढली. शेवटी अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बसवता येऊ लागलं आणि अख्ख्या दाण्यांचा ढीग तुकड्यांच्या ढिगापेक्षा मोठा दिसायला लागला. त्या दिवशी आमचे प्रमुख देशकर सर स्वतः चहा घेऊन आले होते.

आणि जाळी? रुळांच्या वर बिया ओतायचं नरसाळं होतं, त्याच्या तोंडावर लोखंडी सळ्यांची जाळी होती, कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून. सळ्यांमधली फट बारीक ठेवली की ओलसर बिया वरच अडकायच्या, म्हणून ती थोडी मोठी हवी होती. मी संदर्भाच्या पुस्तकातला तक्ता उघडला. माणसाच्या पंज्याची जाडी बघितली. फट त्याहून जराशी कमी ठेवली, अठ्ठावीस मिलिमीटर. म्हणजे बोटं आत जातील, पण पंजा सळ्यांवर अडेल. आणि नुसती बोटं रुळांपर्यंत पोचणार नाहीत इतके रूळ खाली. हिशेब बरोबर होता. दाणा तुटू नये म्हणून मी दोन वर्षं घालवली होती. हात तुटू नये म्हणून एक दुपार.

यमुनाबाई त्या गावातल्या बचत गटाची सगळ्यात बोलकी बाई. पन्नाशीची, काटकुळी, पदर कमरेला खोचलेला. नवरा दशरथभाऊ तलावात मासे धरायचा आणि त्याची जाळी यमुनाबाई विणायची. बोलता बोलता, कोणाशी भांडता भांडता, तिची बोटं गाठी मारत राहायची, आणि जाळ्याचं प्रत्येक घर सारखं. एकदा मी गंमत म्हणून तिच्या जाळ्याची दहा घरं व्हर्निअरनं मोजली. फरक जवळजवळ नव्हताच. मी तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, “मंग? लहानमोठं घर रायलं तं मासा काय तुह्यासाठी थांबते?”

यंत्र गावात आणलं ते वैशाखाच्या मध्यावर. समाजमंदिराच्या पत्र्याखाली ठेवलं, कारण वीज तिथंच बरी यायची. पहिले दोन दिवस उत्सवासारखे गेले. बाया टोपल्या घेऊन रांगेत, पोरं खिडकीला लटकलेली, खालून अख्खे दाणे घरंगळताना पाहून सगळ्यांचे डोळे मोठे. यमुनाबाईनं एक दाणा उचलून दातात धरला, चावला आणि जाहीर केलं, “बरोबर हाये.” मला डिग्री मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाची वेळ होती. आदल्या रात्री वळवाचा शिडकावा झाला होता आणि काही घरांच्या बिया अंगणातच राहिल्या होत्या. त्या ओलसर होत्या. यमुनाबाई नरसाळ्याजवळ उभी होती, तिची जाऊ वच्छला टोपली पुढे करत होती. मी यंत्राच्या दुसऱ्या अंगाला होते, मोटारीवर किती भार येतो ते दाखवणारा मीटर हातात धरून. बंद करायचं लाल बटण माझ्या बाजूला होतं. बिया मध्येच अडकल्या. यमुनाबाईनं वरून थोपटलं. मग एका बोटानं ढकललं. मी हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. माझं लक्ष काट्यावर होतं.

आवाज बदलला नाही.

हे मला कोणाला नीट सांगताच येत नाही. अपघात म्हटलं की काहीतरी मोठा आवाज होईल, यंत्र अडखळेल, घरघरेल, असं आपल्याला वाटतं. तसं काहीच झालं नाही. रूळ त्याच लयीत फिरत होते. माझ्या हातातला काटासुद्धा जागचा हलला नाही. मी यंत्राला दिलेल्या ताकदीला ते काहीच वाटलं नव्हतं. मी वर पाहिलं ते वच्छला ओरडली म्हणून. यमुनाबाई ओरडली नव्हती. ती यंत्रावर वाकून उभी होती, तिचा उजवा हात मनगटापर्यंत सळ्यांच्या आत होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही, वेदनेनंसुद्धा नाही. तिला फार आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

लाल बटण माझ्यापासून हातभर दूर होतं. मी ते दाबलं नाही. मला ते दिसतच नव्हतं. वच्छलानं टोपली फेकली, भिंतीकडे धावली आणि बोर्डातून पिन उपटली. मग कोणीतरी मोटारीचा पट्टा हातानं उलटा फिरवला, आणि हात सुटला. जमिनीवर बियांचा सडा पडला होता, आणि कोणाच्या तरी टोपलीतली ताजी चारं पायाखाली चिरडून फरशी जांभळी झाली होती. त्या जांभळ्यात लाल मिसळत होतं आणि कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं. मी बघत उभी होते. दशरथभाऊनं धोतराचा सोगा फाडून तिचा हात बांधला आणि मला खांद्याला धरून हलवलं, “मॅडम, गाडी! गाडी काहाडा!”

गडचिरोलीचा तो रस्ता मला अजून तुकड्यातुकड्यांत आठवतो. कडेला उन्हात ओळीनं मांडलेले तेंदूपानांचे पुडके. मधेच एक वानरांचा कळप. पाठीमागच्या सीटवर यमुनाबाई, हात छातीशी धरलेला, ओठ पांढरे. एकदा तिनं विचारलं, “मशीन बंद केली ना? पोट्टे हायेत तिथी.” बस. केंद्राचा ड्रायव्हर गाडी हाकत होता आणि मी त्याच्या शेजारच्या सीटवर मीटर तसाच मुठीत आवळून बसले होते. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना नर्सनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं. उजव्या हाताची.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती उठून बसली होती. वच्छला तिला भात भरवत होती. यमुनाबाई पांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्याकडे बघत मला म्हणाली, “गाठ दोन बोटांनं धरून मारतेत बाई. आता मी कशानं धरू?” काहीतरी करायचं म्हणून, आणि खरं तर दुसरं काही येत नव्हतं म्हणून, मी पिशवीतून व्हर्निअर काढला.

“तुमचा डावा हात देता?” मी विचारलं.

तिनं दिला. बोटं एकत्र जुळवून, पंजा सपाट. बोटांच्या मुळाशी, जिथं हात सळ्यांना अडायला हवा होता, तिथं मी व्हर्निअर लावला. साडेतेवीस. मला वाटलं माझ्याकडून चुकलं. पुन्हा लावला. साडेतेवीस. वच्छलाचा मोजला. चोवीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कुतूहलानं आपला हात पुढे केला, तोही पंचविसाच्या आत. माझ्या जाळीची फट अठ्ठावीस होती. कोणाचाही हात अडणार नव्हता. एकीचाही नाही. पुस्तकातला तो तक्ता पुरुषांच्या हातांचा होता, कुठल्या तरी थंड देशातल्या, कारखान्यात काम करणाऱ्या, रुंद पंज्यांच्या पुरुषांच्या. वर तसं लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरात. मी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

माझ्या पाठीत कोणीतरी बर्फाचा खडा सोडावा तसं झालं. बाहेर मे महिन्याचं ऊन भट्टीसारखं पेटलं होतं आणि मी कुडकुडत होते.

संध्याकाळी देशकर सर आले. मोसंबी आणली, डॉक्टरांशी बोलले, दशरथभाऊला धीर दिला. ते वाईट माणूस नव्हते, आजही मला तसं वाटत नाही. मग खाटेशी उभे राहून ते मला हळूच म्हणाले, “तू स्वतःला दोष देऊ नको. जाळी होती. ‘चालू यंत्रात हात घालू नये’ असं मराठीत लिहिलेलंही होतं. सूचना पाळली गेली नाही. रिपोर्टमध्ये तसंच येईल.”

हळूच बोलले होते, पण यमुनाबाईनं ऐकलं.

“वाचलं होतं ना साहेब,” ती म्हणाली. “मले वाचता येते. पण बी अटकली तं काय करू? हात जोडून उभी राहू तिच्यापुढं?”

सर ओशाळले. वच्छलाला वाटलं, मोठ्या माणसाला असं बोलू नये. ती घाईघाईनं म्हणाली, “जाऊ द्या साहेब. हात तं बाईनंच घातला. चूक तिचीच हाये.”

यमुनाबाईनं सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“हात मीच घातला पोरी,” ती म्हणाली. “पण जागा तं तूनंच ठेवली ना?”

त्या वाक्यात तक्रार नव्हती. जाळ्याचं घर मोठं राहिलं की ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. कोणी मला शिव्या दिल्या असत्या, केस ओढले असते, तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं फक्त बरोबर माप सांगितलं.

चार दिवसांनी यंत्र नागपूरला परत आलं. कोणीतरी ते धुतलं होतं, तरी मी पुन्हा धुतलं. सगळे जेवायला गेले होते. वर्कशॉपमध्ये पंखा फिरत होता आणि यंत्र मध्यभागी, पिन काढलेलं, निमूट उभं होतं. का कोण जाणे, मी माझा उजवा हात उचलला, बोटं जुळवली आणि सळ्यांमधून आत सोडला.

तो गेला. न अडखळता, मनगटापर्यंत गेला, आणि माझ्या बोटांची टोकं थंड रुळांना टेकली.

मी तशीच उभी राहिले. हात बाहेर काढायचं भानच राहिलं नाही. दोन वर्षं हे यंत्र माझ्या पुढ्यात होतं. त्याचा प्रत्येक स्क्रू मी पिळला होता, त्याची स्वप्नं पडायची मला. शेकडो बिया मोजल्या, मिशीचा केस मोजणारी मी. आणि स्वतःचा हात, बाईचा हात, चोवीस तास माझ्याच अंगाला लागून असलेला, तो एकदाही त्या फटीत घालून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी तक्ता उघडला होता. तक्त्यातल्या हातावर माझा जितका विश्वास होता, तितका माझ्या हातावर नव्हता. मला आजवर बसलेल्या सगळ्या धक्क्यांत तो सर्वात मोठा होता. अपघातापेक्षाही मोठा, असं म्हणायला लाज वाटते, पण तसंच आहे.

रिपोर्ट मी लिहिला. त्यात लिहिलं की जाळीची फट चुकीची होती, चुकीच्या मापांवरून ठरवली होती आणि ती मी ठरवली होती. बंद करायचं बटण एकाच बाजूला होतं. ओल्या बिया अडकतात हे माहीत असूनही त्या सोडवायची सोय दिली नव्हती, म्हणून हात घालण्यावाचून बाईला इलाज नव्हता. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

“हे असं गेलं तर प्रकल्प बंद होईल,” ते म्हणाले. “बाकीच्या गावांतल्या बायांनी आणखी वीस वर्षं दगडच मारत बसायचं का? सूचना पाळली नाही हेही खोटं नाही ना?”

“खोटं नाई सर,” मी म्हणाले. “पण तेवढंच लिहिलं तर पुढचा माणूस हीच जाळी लावेल.”

त्यांनी सही केली नाही. कागद माझ्या एकटीच्या सहीनं वर गेला. पाऊस सुरू व्हायच्या आत प्रकल्प बंद झाला, आणि यमुनाबाईला द्यायची ती भरपाई केंद्रानं दिली. त्यानं गाठ मारता येत नाही, पण दिली. मी सामान बांधून चंद्रपूरला घरी आले. कितीतरी दिवस मला मिक्सरसुद्धा लावता येत नसे. आईनं चटणीसाठी बटण दाबलं की मी दुसऱ्या खोलीत जायची. सरांचं ते वाक्य मात्र पाठ सोडत नव्हतं. बाया दगडच मारत होत्या आणि त्यात माझा हात होता.

बाबा निवृत्त झाले होते, पण परसात त्यांचा एक जुना लहान लेथ होता. एका सकाळी त्यांनी मला काही न विचारता त्यावरची ताडपत्री काढली आणि तेल द्यायला बसले. जरा वेळानं म्हणाले, “मापं आन आधी. बायांच्या हाताची. पुस्तकातली नोको.”

मग मी मापं आणत फिरले. धानोरा, आरमोरी, मधली गावं. त्या पावसाळ्यात रोवणीच्या बांधावर, हिवाळ्यात धानाच्या खळ्यावर, बाया चिखलाचा, भुशाचा हात पदराला पुसून माझ्यापुढे करायच्या. “कायले मोजून राह्यली वं? बांगड्या घेऊन देतं का?” असं म्हणून खिदळायच्या. मी हसायचे आणि माप लिहायचे. आणि पाहता पाहता लक्षात आलं की चारं फोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईचा डावा अंगठा वेगळा आहे. कोणाचं नख कायमचं काळं, कोणाचं नाहीच, कोणाचं टोक चपटं आणि वाकडं. बी धरायची डाव्या हातानं आणि दगड मारायचा उजव्यानं. वर्षानुवर्षं, चुकलेला प्रत्येक मार अंगठ्यावर. हे मी दोन वर्षं त्यांच्यात बसून पाहिलं नव्हतं. मी बिया बघत होते.

नवं यंत्र उभं राहायला दोन उन्हाळे गेले. मोटार लहान. जाळीची फट अशी की मी मोजलेल्या हातांतल्या सगळ्यात बारीक हाताचं बोटसुद्धा आत शिरू नये. एवढ्या बारीक फटीत बिया अडकणारच, म्हणून नरसाळं पायानं दाबायच्या पट्टीवर चाळणीसारखं हलतं. अडकलेली बी आपोआप सुटते, हात लावावा लागत नाही. आणि बंद करायची दांडी दोन्ही बाजूंना, कमरेच्या उंचीवर. नुसतं टेकलं तरी यंत्र थांबतं. त्यातून दाणे पहिल्या यंत्राइतके अख्खे निघत नाहीत. ते मी सोडून दिलं.

गावात ते नेण्याआधी मी यमुनाबाईच्या घरी गेले. ती ओसरीत बसून जाळं विणत होती. सूत करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात धरायचं, पायाच्या अंगठ्यात ताणायचं आणि डाव्या हातानं गाठ मारायची, असं काहीतरी तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. वेग निम्म्यावर आला होता. घरं सारखी होती. मी पाहत राहिले.

“पाऊन काय राह्यली?” ती म्हणाली. “आन तुही मशीन.”

समाजमंदिरात पुन्हा तसेच लोक जमले. पण या वेळी कोणी हसत नव्हतं आणि टोपल्या दारापाशीच थांबल्या होत्या. एकही बाई पुढे येईना. मी सगळं समजावून सांगत होते, जाळी, पट्टी, दांडी, आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. शेवटी यमुनाबाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं यंत्राभोवती एक फेरी मारली. सळ्यांवरून डाव्या हाताची बोटं फिरवली, कमरेनं दांडी दाबून पाहिली.

“चालू कर,” ती म्हणाली.

मी चालू केलं. रूळ फिरू लागले.

“आता तुहा हात घाल.”

माझ्याबरोबर आलेले बाबा मागे उभे होते. मापं मला तोंडपाठ होती. फट किती, माझं बोट किती, रूळ किती खाली, सगळं. वर्कशॉपमध्ये शंभरदा तपासलं होतं, लाकडाच्या हातानं, मातीच्या हातानं. बंद यंत्रात माझ्या हातानं. चालू यंत्रात कधीच नाही. आणि त्या क्षणी मला कळलं की मी कागदावर कितीही खात्री लिहिली असली तरी माझ्या हाताला ती पटलेली नाही. तळव्याला घाम सुटला. रुळांचा तो एकसारखा, कशानंच न बदलणारा आवाज ऐकत मी हात उचलला, बोटं जुळवली आणि सळ्यांवर दाबली.

बोटं अडली. मी जोर लावला. अडलीच. खालून रुळांचा वारा टोकांना लागत होता. किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. डोळे वर केले तेव्हा यमुनाबाई माझ्या हाताकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“भेव वाटलं?” तिनं विचारलं.

“वाटलं,” मी म्हणाले. माझे दात वाजत होते.

“वाटू दे,” यमुनाबाई म्हणाली, आणि दाराशी जाऊन वच्छलाची टोपली घेऊन आली.